कारल्याची भाजी

वृद्धाश्रमात आत्याला भेटायला गेलो, तेव्हा ती निमूटपणे कारल्याची भाजी खात होती. जन्मात जिने कारलं तोंडाला लावलं नाही, ती.

"आत्या, कारलं?" मी विचारलं. तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं.

तिथल्या ताई कौतुकाने म्हणाल्या, "तुमच्या आत्यांचा काही म्हणजे काही त्रास नाही बघा." रोजच्या वहीत त्यांनी लिहिलं : शांत. जेवण पूर्ण.

मला त्या 'शांत'चा संताप आला. पण फोनवर हाच शब्द ऐकून इतके महिने मीच निर्धास्त होतो. शेजारच्या खाटेवरच्या आजी ओरडतात, म्हणून त्यांना मनाचे डॉक्टर बघून जातात. कोंडलेल्या माणसाने दार ठोठावणंच सोडलं, की बाहेरच्यांना वाटतं, आत सगळं ठीक आहे.

"हिलाही डॉक्टरांना दाखवू या," मी म्हणालो.

"अहो, कशाला? चांगल्या जेवतायत की!" म्हणत ताईंनी आणखी एक डाव भाजी वाढली.

आत्या एकदा तरी 'नको' म्हणेल म्हणून मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. तिने पुढचा घास घेतला.