आजीच्या गोष्टींचा राउटर

कुमुदिनी देवस्थळींची सगळी नोकरी दिल्लीत, केंद्र सरकारच्या एका खात्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली. कानाला हेडफोन, समोर बोर्ड आणि तोंडात अखंड "जी, बोलिए". मोठमोठ्या अधिकाऱ्यांनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, पण आवाज ओळखीचा होता. "देवस्थळी मॅडम, जरा पुणे लगा दीजिए" एवढं म्हटलं की ते निर्धास्त होत. निवृत्तीच्या दिवशी एक सहसचिव मुद्दाम खाली आले आणि त्यांच्याकडे बघत म्हणाले, "अच्छा, तो आप हैं!" हा किस्सा बाई फार रंगवून सांगत.

यजमान अशोकराव गेल्यावर मयूर विहारच्या सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये त्या एकट्याच राहू लागल्या. मुलगा विक्रांत गुडगावला, एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. सून रुचिरा आणि नात मयुरा. विक्रांत संध्याकाळी घरी जाताना गाडीतून आईला फोन करी, आणि गुडगावचा ट्रॅफिक म्हणजे फोनही लांबलचक होई.

मयुराचं मराठी पातळ होत चाललं होतं. "आजी, उंबरठा मतलब?" असं ती विचारी. म्हणून बाईंनी ठरवलं, आपल्या आवाजात गोष्टी रेकॉर्ड करून ठेवायच्या. गोष्टी त्यांच्याच, विक्रांतच्या लहानपणी रचलेल्या. सर्वांत लाडकी होती ती ऑफिसात शिरलेल्या माकडाची. ते साहेबांच्या खुर्चीत बसतं, फायलींवर शेरे मारतं आणि संध्याकाळपर्यंत कुणाच्या काही लक्षात येत नाही.

रेकॉर्डिंग मोबाइलवर झालं. पण मयुराच्या हातात मोबाइल द्यायचा नव्हता. मग बाई व्हिडिओ बघून बघून शिकल्या. राउटरला हार्ड डिस्क जोडता येते, राउटरमध्ये एक सॉफ्टवेअर घालता येतं, आणि मग घरातल्या टीव्हीवर त्या डिस्कमधलं सगळं दिसू-ऐकू येतं. वेगळा कम्प्युटर चालू ठेवायला नको. "अरे, हे तर आमचं एक्स्चेंजच," त्या विक्रांतला म्हणाल्या. "मधे बोर्ड, सगळ्या लाइनी त्याच्यावर, ज्याला जे हवं ते जोडून द्यायचं."

"आई, आजकाल सगळं ऑनलाइन मिळतं यार."

"माझा आवाज मिळतो?"

विक्रांत हसला. दिवाळीला त्या गुडगावला गेल्या त्या डिस्क आणि ती जोडायला यूएसबीची जागा असलेला राउटर पिशवीत घालूनच. त्याच्यातलं कंपनीचं सॉफ्टवेअर काढून दुसरं घातलं. पहिल्या खेपेला राउटर बंदच पडला. रुचिराचा चेहरा बघण्यासारखा झाला, कारण तिची ऑफिसची ऑनलाइन मीटिंग चालू होती. बाई डगमगल्या नाहीत. लॅपटॉपवरच्या काळ्या खिडकीत एकेक ओळ टाइप करत, चुकली की पुन्हा करत त्यांनी भाऊबीजेपर्यंत काम तडीस नेलं. टीव्हीच्या यादीत 'आजी' असं नाव उमटलं. मयुरानं रिमोटचं बटण दाबलं आणि हॉलभर बाईंचा आवाज घुमला. मोबाइलवरची रेकॉर्डिंगं त्यांनी जागा व्हावी म्हणून पुसून टाकली. डिस्कवर होतीच की.

त्यानंतर संध्याकाळच्या फोनला नवं भरतं आलं. "आई, काल मयुराने माकडाची गोष्ट दोनदा ऐकली." "आई, ती विचारत होती, माकडाला पेन्शन मिळाली का?" बाई खुदखुदत. त्या प्रश्नावरून त्यांनी माकडाच्या पेन्शनची वेगळी गोष्ट रचली आणि विक्रांतला पाठवली. "टाकली डिस्कवर," तो म्हणाला. "अजून हव्यात म्हणते."

त्याच हिवाळ्यात त्यांच्या गळ्यात आधीपासून असलेली एक गाठ वाढली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, ऑपरेशन करावं लागेल, आवाजाच्या नसेला धक्का लागू शकतो. "मयुराच्या गोष्टी आधी पुऱ्या होऊ देत," असं विक्रांतला सांगून बाईंनी तारीख पुढे ढकलायला लावली. डॉक्टर रागावले. पण नात आणखी गोष्टी मागत होती आणि आवाज पुढे असेल-नसेल. दुखऱ्या गळ्यानं, कोमट पाण्याचा घोट घेत त्या रोज रेकॉर्ड करत राहिल्या आणि पाठवत राहिल्या.

ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, पण आवाज गेला. उरली ती नुसती घोगरी कुजबुज.

बरं वाटल्यावर विक्रांत त्यांना गुडगावला घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी घरात त्या आणि मयुराच होत्या. बाईंना स्वतःचा आवाज ऐकावासा वाटला. टीव्हीच्या यादीत 'आजी' नव्हतं. टीव्हीमागे वाकून बघितलं तर तिथे इंटरनेटवाल्यांचा नवा पांढरा डबा. त्याला यूएसबीची जागाच नव्हती.

"मयुरा, माकडाची गोष्ट कुठे गं?"

"कौनसी गोष्ट, आजी?"

"पेन्शनवाल्या माकडाची. तूच विचारलंस ना बाबाला?"

मयुरा गोंधळली. "मी? नाही तर. ते दिवाळीला लावलं होतं, ते?"

संध्याकाळी रुचिरा आल्यावर बाईंनी तिला विचारलं. तिनं आधी नजर चुकवली, मग पर्स खाली ठेवली. "आई, तो राउटर सारखा अटकायचा. विक्रांतने बदलून घेतला. डिस्क त्याने ऑफिसच्या ट्रिपचे व्हिडिओ ठेवायला नेली, फॉरमॅट करून. दिवाळीनंतर तुम्ही गेलात त्याच्या पुढच्याच आठवड्यात. मी म्हटलं होतं, आईंना सांग."

विक्रांत घरात शिरला तेव्हा बाई सोफ्याच्या कडेला ताठ बसल्या होत्या.

"मला का नाही सांगितलंस?"

त्याला सगळं कळलं. "आई, तुला बरं वाटावं म्हणून. तू इतकी खुश व्हायचीस..."

"पेन्शनचा प्रश्न कुणाचा?"

तो हळू आवाजात म्हणाला, "माझाच. लहानपणी मला पडायचा."

"मी ऑपरेशन पुढे ढकललं, विक्रांत."

"मला वाटलं, डॉक्टरांनीच पुढची तारीख दिली..."

"तुला माहीत होतं."

ओरडावं, घर डोक्यावर घ्यावं असं बाईंना वाटत होतं, पण गळ्यातून निघत होती ती फक्त हवा. सकाळी त्यांनी माळ्यावरून आपला राउटर काढून घेतला आणि मेट्रोनं मयूर विहारला परत आल्या. विक्रांत स्टेशनपर्यंत बॅग घेऊन आला होता. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

दिवाळीआधीच्या गोष्टी गेल्या त्या गेल्याच. नंतर पाठवलेल्या मोबाइलवर होत्या. त्या त्यांनी घरी त्याच राउटरला नवी डिस्क लावून चढवल्या, पण ऐकवेनात. प्रत्येक गोष्टीच्या सुरुवातीला त्यांनी म्हटलेलं होतं, "मयुरा, तू विचारलंस ना, म्हणून सांगते."

पण खरा घाव त्याच्याही पलीकडचा निघाला. अशोकराव गेले तेव्हा बाई हॉस्पिटलात नव्हत्या, डबा घेऊन वाटेत होत्या. जवळ विक्रांत होता. त्यानं सांगितलं होतं, "बाबा म्हणाले, कुमूला म्हणावं घाई करू नको, सावकाश ये." त्या एवढ्या वाक्यावर त्यांनी एकटेपणाची सगळी वर्षं काढली होती. आता भाजी चिरताना, दाराला कडी लावताना एकच विचार येई. हेही मला बरं वाटावं म्हणूनच असेल का?

काही दिवस त्यांनी कळ काढली. मग एका संध्याकाळी त्याच्या फोनवर विचारलंच.

"बाबा खरंच तसं म्हणाले होते?"

पलीकडे हॉर्न वाजत होते. "असं काय विचारतेस, आई? म्हणाले होते ना. बिल्कुल म्हणाले होते."

साहेब मीटिंगमध्ये आहेत की नुसतं सांगताहेत, हे एके काळी त्या एका शब्दावरून ओळखत. त्या दिवशी त्यांना काही ओळखता आलं नाही.

येणंजाणं थांबलेलं नाही. मयुरा सुट्टीत येते, आजीच्या तोंडाजवळ कान नेऊन गोष्ट ऐकते. विक्रांतचा फोनही रोज येतो. तो काही सांगू लागला की पूर्वी बाई उत्सुकतेनं "मग?" म्हणत. आता "अच्छा" म्हणतात.