सवा महिन्याचं काम

माह्या लेकीचं पहिलं बाळंतपण माह्या हातून व्हायले पाह्यजे होतं. झालं नाही. माह्या तोंडानं घात केला, असं घरचे म्हणतात. मी वरून कबूल करत नाही, पण मनात रोज तेच येते.

लेक परदेशात राह्यते. कोणत्या देशात, ते लिहीत नाही. तिच्या नवऱ्याची तिथं नोकरी आहे, उगाच त्यायले तरास नको. सातव्या महिन्यात ती माहेरी बालाघाटले येणार होती. पण त्यायच्या व्हिसाची मुदत संपत आलती अन् नव्यासाठी अर्ज टाकला होता. तो हाती येईस्तोवर देश सोडला तं परत आत घेतीलच असं नाही, असं तिथल्या वकिलानं सांगतलं. म्हटलं, ठीक आहे. लेकीले माहेरी येता येत नाही, तं माहेरानंच जावं.

मी डिंक, खारीक, खसखस आणली. जुन्या मऊ लुगड्याचे लंगोट शिवले. आमच्या ह्यायनं कटंगीच्या वावराच्या खसऱ्याची, म्हणजे सातबाऱ्याची, नकल काढली, माह्या व्हिसाच्या अर्जाले पेन्शनच्या कागदासंगं जोडली. मले म्हणे, "हे पाहून त्यायले कळन, बाई परत येणार." परत नाही येणार तं जाईन कुठं? मी गोंदियाले लग्नाले गेली तरी दुसऱ्या दिवशी पहिली गाडी धरते. दुसऱ्याच्या घरी मले झोपच लागत नाही.

फॉर्म भरून देणाऱ्या बाईनं बजावलं होतं, "मॅडम, पूछें तो बोलना, घूमने जा रही हूँ. बस." मी तिलेच झापलं. दिवस भरत आलेल्या लेकीकडं कोणी फिरायले जाते काय? जन्मभर मास्तरीण होती मी. माही लेक चौथीत माह्याच वर्गात होती. एकदा पेन्सिलीवरून खोटं बोलली, तं साऱ्या वर्गासमोर थापड मारली होती तिले. गाल धरून म्हणे, "चुकलं माह्यं, आई."

मुलाखतीत काचेपलीकडं साहेब बसला होता अन् बाजूले हिंदीत सांगणारी एक बाई.

"क्यों जा रही हैं?"

"बेटी की जचकी करने."

"वहाँ क्या काम करेंगी?"

आता पाहा, आई लेकीच्या घरी हातावर हात धरून बसली तं लोक तोंडात शेण घालतील. मी ताठ बसली अन् म्हटलं, "सारा काम मैं ही करूँगी. मालिश, नहलाना, खाना, सब. बेटी को सवा महीना पानी में हाथ नहीं डालने दूँगी." ती बाई जराशी थांबली, मंग साहेबाले सांगून टाकलं. साहेब लिहीत होता. मले वाटलं, पटलं त्याले.

उत्तर आलं ते लेकीनंच फोनवर वाचून दाखवलं. भेटीच्या व्हिसावर काम करता येत नाही अन् अर्जदार तं कामासाठीच येऊन राह्यली. शिवाय ती परत जाईन याची खात्री पटत नाही. म्हणजे माह्यं आईपण त्यायच्या कायद्यात मजुरी निघालं. आमच्याकडं कान्ह्यात वाघ पाहाले त्यायचे लोक जीपगाड्या भरून येतात. त्यायले कोणी विचारते काय, परत जासान ना बाप्पा? मले लय राग आला. मंग राग गेला अन् नुसतं रडू आलं.

नात झाली. टाके पडले. चौथ्या दिवशी जावई कामावर गेला, त्याले सुट्टी नव्हती. मी इकडून फोनवर सांगत बसली, पोटाले पट्टा बांध, ओवा चाव, पाण्यात हात नको घालू. फोनमधून नळाचा आवाज येत होता. ती भांडे घासून राह्यली होती.

"काहून करतं तू? राहू दे ना," मी म्हटलं.

"मंग कोण करन?"

लेकरू रडाले लागलं, तरी नळ चालूच. मंग ती हळूच म्हणाली, "आई, एकच खोटं बोलायचं होतं तुले."

डिंकाचा डबा माह्यासमोर तसाच भरलेला होता.

मी म्हटलं, "हौ. चुकलं माह्यं, माय."