झुंबरआत्याचा पीपी नंबर

पेठ गावात नव्वदच्या दशकात ज्या लग्नपत्रिका छापल्या गेल्या, त्यातल्या निम्म्यांवर एकच फोन नंबर सापडेल आणि त्यापुढं ‘पीपी’ अशी दोन अक्षरं, म्हणजे फोन दुसऱ्याचा, निरोप आपला. तो नंबर झुंबरबाईचा. लहानपणी पोलिओनं तिचा उजवा पाय गेला, लग्न जमलं नाही, आणि अपंगांच्या सवलतीतून त्र्याण्णव साली पुणे-नाशिक रस्त्याच्या कडेला तिचा एसटीडी बूथ उभा राहिला. सगळं आयुष्य माहेरातच गेल्यामुळं ती गावातल्या पोरांची आत्या आणि सुनांची वन्सं.

ज्याच्या घरी फोन नाही त्याचा निरोप आत्या घ्यायची, चिठ्ठीवर लिहायची आणि वस्तीकडं निघालेल्या कुणाच्याही हाती दूध डेअरीत धाडायची. तिथं फळ्यावर टाचलेली चिठ्ठी ज्याची त्याला संध्याकाळचं दूध घालताना मिळायची. मंचरला मुलगी झाली, दोघी खुशाल. पाहुणे रविवारी येत नाहीत. आत्याचा नियम एकच होता: निरोप दुसऱ्याचा असतो, आपण त्यात काही घालायचं नाही आणि त्यातलं काही काढायचंही नाही. दहा वर्षांत तिची एक चिठ्ठी खोटी निघाली नव्हती. याचा तिला गर्व होता, आणि का नसावा?

त्या नियमाचा एका हलकटानं दोन हजार तीनच्या मार्चमध्ये पुरेपूर फायदा उठवला.

वरच्या वस्तीवरची सोनल ही रामदास ड्रायव्हरची बायको. तिनं एका फायनान्स कंपनीकडून मोटारीची शिलाई मशीन हप्त्यानं घेतली होती आणि घरीच शिवणक्लास चालवत होती. अकरा मुली यायच्या. आळेफाट्याजवळ रामदासची गाडी उलटली, तो दोन महिने खाटेवर पडून राहिला आणि मशीनचा एक हप्ता थकला. थकला हे खरं. सोनलनं ते कधी नाकारलं नाही, उलट मुदत मागणारं पत्र कंपनीला स्वतःहून टाकलं.

पत्राचं उत्तर आलं नाही. आला तो फोन, आणि तोही आत्याच्या बूथवर.

‘‘कोर्टाच्या ऑफिसातून बोलतोय,’’ पलीकडचा म्हणाला. ‘‘अर्जंट आहे. शब्द न् शब्द लिहून घ्या.’’

कोर्ट म्हटल्यावर आत्या घाबरली. सोनलला वेळेत कळलं नाही तर पोरीची धडगत नाही, एवढंच तिच्या डोक्यात आलं. त्यानं सांगितलं तसं तिनं लिहिलं: ‘सोनल रामदास हिने कंपनीला फसवले आहे. उद्या बारापर्यंत पैसे भरले नाहीत तर पोलीस येऊन बेड्या घालतील आणि गावातून फिरवतील.’ समोरून टेम्पो निघाला होता. चिठ्ठी त्याच्या ड्रायव्हरच्या हातात गेली आणि तासाभरात डेअरीच्या फळ्यावर लागली. सोनल दूध घेऊन येईपर्यंत निम्म्या वस्तीनं ती वाचली होती.

दुसऱ्या दिवशी बारा वाजले, कुणी पोलीस आला नाही. पण आठवड्याभरात क्लासच्या अकरा मुलींच्या दोन झाल्या.

सोनल बूथवर आली. ती रडली नाही, भांडलीही नाही. म्हणाली, ‘‘वन्सं, त्यो माणूस सोता येऊन बोलला असता तर कुणी इस्वास ठिवला नसता. तुमच्या अक्षरात व्हतं, म्हणून समद्यांनी खरं मानलं.’’

आत्याला हे वर्मी लागलं. आपल्या दहा वर्षांच्या विश्वासाच्या जोरावर कुणी एका बाईची अब्रू काढली होती, आणि हात आपलाच वापरला होता. त्या रात्री ती जेवली नाही. सकाळी कुबडी उचलून तिनं सावळेराम गुरुजींचं घर गाठलं. गुरुजी निवृत्त मास्तर, ग्राहकांच्या तक्रारी फुकट लिहून द्यायचे.

‘‘हप्ता थकणं हा गुन्हा न्हाई,’’ गुरुजी म्हणाले. ‘‘कंपनीनं नोटीस द्यावी, दावा लावावा. पण कोर्टाचं नाव सांगून धमकी द्यायची, तीबी तिसऱ्याच्या फोनवर? हे बेकायदा हाय. आता पुन्हा फोन आला तर तू चिडू नको, बोलंल त्ये लिहून ठेव.’’

चिडू नको म्हणे! दुपारीच फोन वाजला.

‘‘मेसेज दिला का?’’

‘‘तू कंच्या कोर्टाचा रं?’’

‘‘मॅडम, आपको क्या करना है? आपका काम मेसेज देना.’’

आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ओठांवर आलेली शिवी तिनं गिळली आणि विचारलं, ‘‘पैशे भराया सोनलनं फोन कुठं करायचा? नंबर द्या.’’ पैशांचं नाव निघताच त्यानं भडाभडा नंबर दिला. पुढच्या तीन आठवड्यांत त्यानं सव्वीस फोन केले. सोनलच्या चारित्र्यावर तो जे बोलला ते इथं छापण्यासारखं नाही. आत्यानं मात्र तारीख आणि वेळ घालून सगळं वहीत उतरवलं, आणि एकही शब्द डेअरीत जाऊ दिला नाही.

सोनलनं मागाहून थकलेला हप्ता भरला आणि पुण्याच्या ग्राहक मंचात तक्रार लावली. तारखांमागून तारखा पडल्या. कंपनीचा वकील ऐटीत म्हणाला, हे फोन आमच्या माणसाचे नव्हेतच. वहीतला नंबर कंपनीच्या स्वतःच्या पावतीवर छापलेला निघाला, तेव्हा कुठं त्याचं तोंड बंद झालं. दीड वर्षानं निकाल लागला: नुकसानभरपाई आणि लेखी माफी.

माफी आली ती बंद पाकिटातून, रजिस्टर पोस्टानं, एकट्या सोनलच्या नावावर.

‘‘शिव्या चव्हाट्यावर आन् माफी पाकिटात?’’ आत्या कडाडली. डेअरीच्या फळ्यावर कागद लावून भागलं असतं, पण तिला तेवढ्यानं समाधान नव्हतं. ज्या नऊ घरांनी मुली काढून घेतल्या, त्या नऊ घरी ती कुबडी टेकत चढणीनं गेली. दारात उभं राहून तिनं ते पत्र मोठ्यानं वाचलं आणि प्रत्येक ठिकाणी सांगितलं, ‘‘त्यात चूक माजीबी हाय. मी न ईचारता लिवलं.’’

नववं घर प्रयागबाईचं, सोनलच्या अगदी शेजारचं. तिची श्रेया क्लासातली सगळ्यात हुशार मुलगी. प्रयागबाईनं वाचन संपेपर्यंत खाली मान घालून ऐकलं.

‘‘वन्सं, आमाला ठावं न्हवतं व्हय? सोनल तसली न्हाई, ह्ये आमाला पहिल्या दिसापास्नं ठावं हाय. पन लोकं बोलत्यात ना.’’

हेच उत्तर आत्यानं आधीच्या आठ घरीही ऐकलं होतं. दीड वर्षं ती फोनवरच्या त्या माणसाचा राग राग करत होती. त्याला निदान त्या कामाचा पगार होता, आणि सोनल कोण हे त्याला ठाऊकही नव्हतं. ही मात्र रोज सोनलच्या दारावरून पाण्याला जात होती.

‘‘कोण लोकं, प्रयागे?’’ आत्यानं विचारलं. ‘‘नऊ घरं फिरले. नऊ ठिकाणी ह्येच ऐकलं, आमाला ठावं व्हतं पन लोकं बोलत्यात. त्ये लोकं मला अजून गावलं न्हाईत. तुला ठावं आसंल तर एकाचं तरी नाव सांग. आत्ता जाते त्याच्या दारात.’’