अर्ध्या कागदावरचं गाव

काठावर समोरासमोर दोन मोर हवे असतील, तर कागदावर मोर एकच काढायचा असतो. दुसरा मागावर आपोआप उलटा उमटतो. साडीची नक्षी करणाऱ्या घरातलं हे पहिलं शिक्षण. बाबांनी मला ते चौकटीच्या कागदावर दिलं, लाल पेन्सिलीनं एकेक चौकोन भरायला लावून. शाळा नववीत सुटली, हे सुटलं नाही.

आमचं गाव नागपूरच्याही पलीकडं. तळ्याच्या काठापासून विणकरांची एक गल्ली निघायची, दोन्ही बाजूंना घरांच्या ओळी. मी नववीत असताना उन्हाळ्यात दुपारी आग लागली आणि दोन्ही ओळी गेल्या. सूत आणि लाकूड, दुसरं काय होतं त्या घरांत? माणसं वाचली. माग राहिले नाहीत, गल्लीही परत उभी राहिली नाही, लोक पांगले. काही वर्षांनी लग्न होऊन मी इकडं सीमाभागातल्या शहापुरात आले. इकडची भाषा ऐकून पहिले सहा महिने मी नुसती मान हलवायचे.

आमचे हे वडगावात पॉवरलूमवर जातात आणि मी घरी बसून नक्षीचे कागद भरते. आमची खोली आक्कांच्या घरात, मागच्या अंगाला. आक्का म्हणजे घरमालकीण. भाडेकरूची भीती माझ्या अंगात मुरलेली आहे. नळ जोरात सुटला तरी वाटतं, आता काहीतरी बोलतील. त्या कधी बोलल्या नाहीत. उलट यांना टायफॉइड झाला तेव्हा आक्कांच्या धाकट्या मुलानं यांना गाडीत घालून दवाखान्यात नेलं आणि तीन दिवस तिथल्या बाकावर बसून काढले. डॉक्टर कन्नडमध्ये काय म्हणाले ते मला हळूहळू उलगडून सांगायचे. आक्कांच्या या मुलाला मी भावजी म्हणते, ते मला वैनी. त्या बाकावरच मी त्यांना आमच्या गल्लीची गोष्ट सांगितली. आग तिसऱ्या घरातून सुरू झाली, हेही सांगितलं. ते तिसरं घर आमचं होतं. बाबांना लोक काय बोलले, हेसुद्धा. ते मी इकडं कुणालाच सांगितलं नव्हतं.

भावजी पुण्याची नोकरी सोडून घरी आलेले. वरच्या खोलीत बसून ते लढाईचा गेम बनवत होते, कॉम्प्युटरवर आणि मोबाइलवर खेळायचा. गोळ्या झाडायचा नाही, डोक्यानं लढायचा. धान्य कुठल्या वाटेनं न्यायचं, पूल राखायचा की पाडायचा, थंडीच्या आधी फौज कुठं थांबवायची, असलं सगळं. निपाणीचा त्यांचा एक मित्र विक्रीचं बघणार होता. ॲप स्टोअरवर गेम चढवायचा म्हणजे चित्रं, वर्णन, नाव, सगळं मांडावं लागतं. ते काम त्याचं.

एकदा मी अंगणात कागद भरत असताना भावजी मागं येऊन उभे राहिले. म्हणाले, नकाशेबी असल्याच चौकोनांवर बनतात, तुम्ही एक काढून देता का? मी विचारलं, कुठला? ते म्हणाले, कुठलाबी, तुमच्या गावचा काढा.

आठ दिवस लागले. तळं, बांध, चिंचेचं झाड, आमची ओळ, प्रत्येक घराला दार. कागद घेऊन वर गेले तर भावजी उलटसुलट करून बघायला लागले. नकाशा अर्धाच होता. तळ्याच्या मध्यापाशी मी थांबले होते आणि गल्लीची समोरची ओळ काढलीच नव्हती. माझ्या तोंडून निघालं, "उरलेलं आपोआप येईल ना?"

ते भिंतीला टेकून हसले. मला वाटलं, संपलं, आता कागद परत देतील. पण हसता हसता त्यांनी कागद परत बघितला आणि निपाणीच्या मित्राला फोन लावला. दोन खेळाडूंना सारखी जमीन कशी द्यायची यावर म्हणे ते दोघं कधीचे अडले होते. "वैनीनं सोडवलं बघ," ते फोनवर म्हणाले. "अर्धं काढायचं, अर्धं उलटं करायचं. तळं मधी. ह्याला एक गाव, त्याला एक गाव."

त्या खंडेनवमीला आक्कांनी मागावर सूत इकडून तिकडं नेणाऱ्या धोट्याची पूजा केली, तर भावजींनी शेजारी लॅपटॉप ठेवला आणि त्यावर माझा कागद. हळदकुंकू कागदाला लागलं. तेव्हा मी धीर करून विचारलं होतं, लढाईत गावाचं काय होतं? भावजी म्हणाले, "गाव जळणार न्हाय वैनी. गाव कापड देतंय, धान्य देतंय. त्याला हात लावता येत न्हाय, तसंच बांधलंय मी."

मी आईला फोन करून सांगितलं, आपली गल्ली परत दिसणार आहे. आई आता मामाकडं असते. तिनं मामाच्या फोनवरचे नको असलेले फोटो काढून टाकायला लावले, गेमला जागा व्हावी म्हणून.

गेम आला त्या दिवशी भावजींनी घरातल्या, शेजारच्या, आमच्या ह्यांच्यासुद्धा मोबाइलवर लिंक पाठवली. पहिल्या दिवशी तारे पडले की गेम वर येतो, म्हणून सगळ्यांनी आधी पाच तारे द्यायचे, मग खेळायचं. मी गेम उघडून, न खेळताच दोन मिनिटं जाऊ दिली आणि तारे दिले. खाली लिहिलंही, 'हे आमचं गाव आहे, जरूर खेळा.' मग निवांत, चहा घेऊन, गेमच्या पानावरची चित्रं बघायला बसले.

पहिल्याच चित्रात गाव पेटलेलं होतं. तळं माझं, बांध माझा, चिंच माझी. तळ्याच्या दोन्ही काठांवर तेच गाव, आणि दोन्हीकडं जाळ तिसऱ्या घरातून निघत होता. खाली लिहिलं होतं, शत्रूचं गाव जाळा, रसद तोडा, युद्ध जिंका.

चहा तसाच ठेवून मी वर गेले. जिन्यात दोनदा थांबले, खोली सोडायला सांगितली तर कुठं जायचं हे मनात आलंच.

"भावजी, गाव जळणार नव्हतं."

ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "दोस्ताचं म्हणणं, पहिल्या चित्रात आग पायजे. त्याबिगर लोकांचा अंगठा थांबत न्हाय."

"आणि तिसरं घर?"

"खरं वाटावं म्हणून," ते म्हणाले. "कुणाला कळणाराय वैनी, कुठलं गाव ते."

"मला कळलं."

"तुमाला सांगणार हुतो. धीर झाला न्हाय."

खाली आले तर आक्कांनी माझा चेहरा बघून खोदून विचारलं. सांगितल्यावर म्हणाल्या, "मोबाइलातलं गाव जळलं म्हणून रडतीस व्हय गं? उद्या पिक्चरमधला हिरो मेला तर सुतक धरशील." आणि गरम चहा करून दिला. त्यांना काय सांगणार? तो चहा मी प्याले.

ज्या माणसानं माझ्या नवऱ्यासाठी बाकावर तीन दिवस काढले, त्यानंच त्या बाकावर ऐकलेलं विकायला मांडलं. दोन्ही खरं आहे आणि एकानं दुसरं फिटत नाही. मी पाच तारे राहू दिले. खालचं वाक्य तेवढं पुसलं.

पुढं भावजी नव्या नकाशासाठी कोरे कागद घेऊन आले. मी सांगितलं, डोंगर काढून देईन, नदी काढून देईन. गाव नाही. ते हो म्हणाले, पण कागद दारातच ठेवून गेले.

आई विचारतच होती. लिंक मी पाठवली नाही. माझा मूळ कागद, हळदकुंकवाचे डाग पडलेला, तेवढा वरून मागून आणला आणि त्याचा फोटो पाठवला. तिनं लगेच फोन केला. आपलं दार बरोबर आहे म्हणाली, चिंच जरा लांब पाहिजे. मग म्हणाली, "अन् समोरची ओळ कुठं गेली वं बाई?"

ती उलटी करून येणार नव्हती. समोरची घरं आमच्यासारखी नव्हतीच. एकाला ओटा होता, एकाचं दार आडबाजूला. मला त्यांचा क्रमही आठवेना. दारात पडलेल्या कोऱ्या कागदांतला एक मी उचलला, लाल पेन्सिलीला टोक केलं.

"तू सांग," मी आईला म्हटलं. "तळ्याकडून पहिलं घर कुणाचं?"