सुमिएने आरिमाचे ऐकले

कुवाबारा सुमिए नेरिमातल्या आमच्या कारखान्यात तेवीस वर्षे कार्टूनमध्ये रंग भरत होती. मी शेजारच्या टेबलावर सतरा. सेल म्हणजे चित्राच्या रेघा उमटवलेला पारदर्शक प्लास्टिकचा पातळ पत्रा; त्याच्या पाठीमागून रंग भरायचा, रेघेला भिडवून, कड न सोडता. साधारण हाताचे दिवसाला वीस सेल होतात. सुमिएचे तीस व्हायचे, आणि एकही परत येत नसे. ज्याला जमत नाही त्याने दुसरे काम बघावे, असे ती तोंडावर सांगायची.

तिची मैत्रीण इसे नोबुए. दोघी एकाच महिन्यात लागल्या. नोबुएचा हात सुमिएपेक्षा सावकाश, पण रंगाची नजर तिच्याइतकी कुणालाच नव्हती.

सेल एकावर एक ठेवून फोटो काढतात. सेलला स्वतःची मळकट झाक असते, त्यामुळे खालच्या थरातला रंग काळवंडतो. म्हणून खाली जाणाऱ्या चेहऱ्याला एक पायरी उजळ रंग द्यावा लागतो. कोण वर, कोण खाली, हे कामावर देखरेख करणारा आरिमा तक्त्यावर लिहायचा आणि शिक्का मारायचा. तो दर आठवड्याला चुकायचा. सुमिए न बोलता सुधारून घ्यायची.

एकोणीसशे चौऱ्याऐंशी साली आमच्याकडे अंतराळातल्या खनिजवाहू जहाजाची मालिका होती. वैमानिक मिझुहो आणि मिस्त्रीण तोवा. त्या दोघींना वाचवायला कुणी पुरुष येत नसे, त्याच एकमेकींना वाचवायच्या. नोबुए त्यांची दृश्ये हट्टाने मागून घ्यायची.

बाराव्या भागात रंग भरून झाल्यावर आरिमाने थर उलटे केले. फोटोवाल्यांचा एक तास वाचवायचा होता. टीव्हीवर मिझुहोचे गाल काळे दिसले. मालिकेला पैसा देणारे खेळणीवाले चिडले. आरिमाने नोबुएला सगळ्यांसमोर उभे केले.

"डोळे तपासून घ्या, इसेसान. चाळिशी आली."

"थर तुम्ही बदललेत. तक्ता काढा."

आरिमाने बदललेल्या थरांचा नवा तक्ता पुढे केला. जुना त्याने सकाळीच फाडून टोपलीत टाकला होता. नोबुएला त्याच दिवशी काढले. भागाच्या शेवटी नावे येतात त्यातूनही तिचे नाव गेले. गावी, अकितात, तिची आई दर शनिवारी तेवढ्या नावासाठी टीव्ही लावायची.

सुमिएने आरिमाला गाठले. "तुमचा तक्ता चुकला तर आम्ही काय करायचं?"

"आहे तसं करायचं. अक्कल माझी, हात तुमचे."

"तसं लिहून द्या."

तो हसला. लाल शाईने लिहिले, शिक्का मारला आणि स्वतःच भिंतीवर चिकटवले.

चार महिन्यांनी शेवटचा भाग आला. तोवा आपली प्राणवायूची नळी कापून मिझुहोला जोडते आणि तिला कवटाळते, असे एकोणनव्वद सेल. चित्रात मिझुहो तोवाच्या हाताखाली, तक्त्यात मात्र वर. फोटोवाले चित्र बघून तिला खालीच ठेवणार होते.

"सुमिएसान, हे उलटं आहे," मी म्हटले.

"दिसतंय. भर."

"अगं, मुडदा दिसेल ती."

"आरिमासानना तशीच आवडत असेल."

आम्ही भरले. माझे सहा सेल तिने परत केले. "रंग चुकीचा आहे म्हणून कड सुटलेली चालणार नाही."

पहिल्या दाखवणीला मालक होते, खेळणीवाले होते. मिठीच्या क्षणी मिझुहोचा चेहरा चिखलासारखा झाला.

"आजारी आहे का ही?" एक खेळणीवाला म्हणाला.

"कुवाबारा!" आरिमा ओरडला.

सुमिए उठली. तिने मालकांपुढे तीन कागद ठेवले. या दृश्याचा तक्ता. भिंतीवरचा लाल हुकूम. आणि बाराव्या भागाचा फाडलेला तक्ता, तुकडा तुकडा जुळवून चिकटवलेला.

"आरिमासाननी सांगितलं तसंच केलंय," ती म्हणाली. "शिक्के तुम्हीच बघा."

मालकांनी शिक्के पाहिले. आरिमाच्या मानेवरून घाम उतरत होता. सुमिए त्याच्याकडे डोळे न हलवता बघत होती. दुसऱ्या दिवशी त्याला नोबुएच्या दारात जाऊन कमरेतून वाकून माफी मागावी लागली. त्यानंतर तो आमच्याकडे दिसला नाही.

नोबुए परत आली. प्रक्षेपणाला तीन दिवस होते, एकोणनव्वद सेल पुन्हा रंगवायचे होते. तो चिकटवलेला तक्ता तिने हातात घेतला.

"हे कधी जुळवलंस?"

"तुला काढलं त्या संध्याकाळी."

"म्हणजे चार महिने मी दुसऱ्या कारखान्यात जेवणाचे डबे भरत होते, आणि हा तुझ्या खणात?"

"तेव्हा दाखवला असता तर बंद खोलीत मालकांपुढे मान लववून सुटला असता तो."

"सुटू द्यायचं होतंस. मी कामावर राहिले असते. आईला काय सांगत होते मी, माहितीये?"

सुमिएने पहिला सेल पुढे ओढला. तिने ब्रश उचलला.

"ठेव तो," नोबुए म्हणाली. "या दोघींना तू हात लावायचा नाहीस. सगळे मी भरणार."

"एकटीनं? तीन दिवसांत?"

"हो."

तिने भरले. सुमिए तिन्ही दिवस शेजारी बसून तिचे ब्रश धूत होती. त्याआधी तिला दुसऱ्याचा ब्रश धुताना मी कधी पाहिले नव्हते.