पुरावरची दोन इंजिनं

त्या पावसाळ्यात आमची तुकडी ट्रायलसाठी कोल्हापूरला, उजळाईवाडीच्या धावपट्टीवर आली. मी लष्करात इंजिन फिटर होतो, हुद्दा हवालदार. गाव आजऱ्याजवळ. सगळ्या नोकरीत घराच्या इतक्या जवळ पोस्टिंग एकदाच मिळालं.

तुकडीकडे वैमानिक नसलेली दोन छोटी विमानं होती. ती तंबूत बसून चालवायची आणि पोटाखालचा कॅमेरा दाखवेल ते पडद्यावर बघायचं. सांगाडा दोन्हींचा सारखा. फरक फक्त इंजिनात. एकाला नेहमीचं पिस्टन इंजिन, दुसऱ्याला रोटरी. दमट, पावसाळी हवेत कोणतं चांगलं चालतं हे ठरवून अहवाल द्यायचा होता.

पिस्टन वर-खाली होतो, म्हणून ते इंजिन हादरे देतं. रोटरीत पिस्टन नसतो. तीन कोपऱ्यांचा एक रोटर आत गरगर फिरत राहतो. इंजिन आकाराने लहान, वजनाला हलकं आणि चालायला एकदम गुळगुळीत. पण ते पेट्रोल जास्त पितं, तेल जाळतं, आणि रोटरच्या कोपऱ्यांवरच्या सीलवर सतत लक्ष ठेवावं लागतं.

माझ्याबरोबर दुसरा फिटर होता नाईक मारुती गावडे. चंदगडचा, बुटका, बोलका. त्याचा जीव रोटरीवर, माझा पिस्टनवर. आमचे कॅप्टन नायर साहेब यांनी हे पहिल्याच दिवशी ओळखलं.

"कांबळे, रोटरी तुम देखोगे. गावडे, पिस्टन तुम्हारा."

तंबूबाहेर आल्यावर मारुती म्हणाला, "दादा, ह्यो तर उलटाच कारभार झाला की."

"बरोबर केलंय साहेबांनी. आवडीचं इंजिन आपण जरा जास्तच पुसतो."

रोज सकाळी दोन्ही विमानं पाठोपाठ उडवायची. पंखा सारखा, कॅमेरा सारखा, उंची सारखी. उतरली की इंजिनं उघडून बघायची. वाद मात्र चालूच असायचा.

"एवढंसं इंजिन हाय, पण ताकद बघा त्याची," मारुती म्हणायचा.

"इंजिन एकटंच काट्यावर ठेवू नकोस. त्याला लागणारं पेट्रोल बी ठेव."

एके दिवशी आम्ही खरंच तसं वजन केलं. जवळची फेरी असेल तर रोटरी हलकं पडत होतं. फेरी लांबवली की जादा पेट्रोल भरावं लागे आणि हलकेपणाचा फायदा हळूहळू संपत जाई. मारुती काट्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "म्हंजे दोघं बी खरं बोलत हुतो." त्यानंतर तो पिस्टनही मनापासून सांभाळायला लागला. माझ्या हातातलं रोटरी एकदाही बंद पडलं नव्हतं, हे मलाही मान्य करावं लागलं.

मग पंचगंगा चढली. शिरोळकडची गावं पाण्यात गेली. नृसिंहवाडीच्या अलीकडे-पलीकडे नदी कुठली आणि उसाचं रान कुठलं, ते कळेना. ट्रायल थांबली आणि आमची विमानं मदतीला लावली. सॅपर, म्हणजे लष्करी इंजिनिअरांच्या, पलटणीच्या बोटी लोकांना बाहेर काढत होत्या. त्यांतल्या चार नंबरच्या बोटीची मोटर सारखी बंद पडत होती, म्हणून त्यांनी मेकॅनिक मागितला.

"मैं जाता हूँ, सर. मेरा जिला है," मारुती म्हणाला. निघताना मला म्हणाला, "पिस्टनचं समदं झालंय, दादा. नुसतं सुरू करा."

दुपारी रेडिओ वाजला. "बोट चार से कॉन्टॅक्ट नहीं. आखिरी पोझिशन शिरोळ के पूरब में. ओव्हर."

साहेबांनी आधी रोटरी पाठवलं, कारण त्याचं चित्र स्थिर असायचं. पडद्यावर नुसतं तांबडं पाणी. मग विजेचा एक वाकलेला खांब, आणि त्याला अडकलेली बोट. दोन बायका, एक म्हातारा, पोरं. एक जवान मोटरची दोरी पुन्हा पुन्हा ओढत होता. जवान उंच होता. वर्दीतला दुसरा माणूस बोटीत नव्हता.

चित्र इतकं स्वच्छ होतं की शंकेला जागाच राहिली नाही.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "सर, पहले बोट."

सुटकेची बोट निघाली, पण बुडालेल्या तारा आणि ऊस चुकवत तिला वाट दाखवायला वर कोणीतरी हवं होतं. रोटरीचं पेट्रोल संपत आलं होतं. मी बाहेर जाऊन पिस्टन सुरू केलं. पहिल्याच झटक्यात लागलं. रोटरी परत फिरलं आणि पिस्टन त्या जागेवर घिरट्या घालू लागलं. चित्र थरथरत होतं, तरी तारा दिसत होत्या.

"लेफ्ट रखो. आगे तार है. ओव्हर."

"लेफ्ट. रॉजर."

वाट लांबची होती. पिस्टन शेवटपर्यंत वर राहिलं. बोटीतली सगळी माणसं बाहेर आली.

नंतर बोटीतल्या त्या उंच सॅपरने झालेलं सांगितलं. मोटरच्या पंख्यात उसाचा पाला आणि तार गुंतली होती. मारुती कमरेला दोर बांधून पाण्यात उतरला आणि त्याने पंखा मोकळा केला. तेवढ्यात वाहत आलेलं एक खोड येऊन आदळलं. दोर तुटला, बोट खांबावर जाऊन अडकली. त्याचा शेवटचा शब्द "ओढ" एवढाच होता, मोटरची दोरी ओढायला सांगत होता.

पाणी ओसरू लागल्यावर तो नदीच्या खालच्या अंगाला सापडला.

साहेबांनी अहवाल लिहिण्यापूर्वी मला विचारलं. मी सांगितलं, कमी वेळात स्वच्छ बघायचं असेल तर रोटरी. जास्त वेळ वर थांबायचं असेल, आणि कुठल्याही वर्कशॉपात दुरुस्त करायचं असेल, तर पिस्टन. एकाला पुढे करावं म्हणून दुसऱ्याला खोटं पाडता येणार नाही. त्यांनी तसंच लिहिलं.

मारुतीला घेऊन मी चंदगडला गेलो. सलामी झाली, माणसं पांगली. त्याचे वडील घराच्या पुढच्या सोप्यात बसले होते. मी "जय भीम" म्हणालो, त्यांनी हात जोडले आणि मला शेजारी बसवून घेतलं.

"बोटीतली माणसं?" त्यांनी विचारलं.

"समदी सुखरूप हायत, बाबा."

बाहेर भाताच्या वाफ्यात पाऊस पडत होता. ते म्हणाले, "सुट्टीला आला की इंजिनाचंच सांगायचा. मला काय कळायचं न्हाय. कुठलं चांगलं म्हणायचा त्यो?"

"आधी एकच म्हणायचा. मागनं दोन्ही म्हणायला लागला."

म्हातारा मान हलवत राहिला.

"मग त्येनं नीट बघितलं आसंल," ते म्हणाले.

"व्हय," मी म्हणालो. "लई नीट बघायचा."