गच्चीवरून काढलेला मार्केट शेअर

आमच्या इंटरनेट कंपनीचे मालक पुण्यात बसतात, आणि पुण्यात बसलेल्या माणसाला सोलापूर नेहमी जरा जास्तच लांब दिसतं. एके सकाळी त्यांचा फोन आला. "पूर्व भागात आपला मार्केट शेअर किती आहे, संध्याकाळपर्यंत सांग. तीन कनेक्शनांत एक तरी आपलं असेल तर तिथलं ऑफिस ठेवू. नाहीतर बंद करू आणि तू पुण्याला ये."

आता हे ऑफिस म्हणजे मी आणि सेल्सची एक पोरगी. पुण्यात वर्षानुवर्षं भाड्याच्या खोल्यांत राहून मी हट्टानं सोलापूरला परत आले होते. पुन्हा बॅग भरायची कल्पनाच नको वाटत होती. फोन ठेवला आणि चिडून पोरगीला म्हटलं, "चल. मोजूनच दाखवू त्यांना."

आधी दारोदार विचारलं. "नेट हाय का?" "हाय की." "कुणाचं हाय?" "आमचंच हाय की." कंपनी कुठली म्हटलं, तर एक आजोबा म्हणाले, "वायफाय कंपनी." तिसऱ्या घरापासून आम्हाला हसू आवरेना. कुणी दार उघडलं की पोरगी माझ्या पाठीमागं तोंड लपवायची. असल्या कारभारात कसला शेअर निघतोय?

मग मला लई हुशारी सुचली. आमची फायबरची वायर काळी. आमच्यासमोर उभी कंपनी एकच, तिची पांढरी. उंच गच्चीवर चढायचं आणि सरळ वायरी मोजायच्या. आमच्याच एका गिऱ्हाइकाची तीन मजली इमारत होती, खाली यंत्रमाग आणि वर घर. तिथल्या काकूंना विचारून वर गेलो. ऊन असं की डोक्यावर ओढणी घेऊनसुद्धा टाळू भाजत होती. पोरगी उजवीकडचं मोजायची, मी डावीकडचं. सगळीकडं नुसती पांढरी वायर. या गच्चीवरून त्या गच्चीवर, खांबाला, टाकीला, जिन्याच्या गजाला. पाचांत एक काळी दिसली तर नशीब.

मी मालकांना फोन लावून सांगून टाकलं, पाचांत एक. ते म्हणाले, "मग आवरायला घे."

मी टाकीला टेकून बसले. तेवढ्यात काकू बादली घेऊन वर आल्या. त्यांची घरातली बोली तेलुगू, आमच्याशी मराठी. त्यांनी बादलीतून ओला टॉवेल काढला, झटकला आणि समोरच्या कंपनीच्या कनेक्शनवर टाकला. मग दुसरा. मग तिसरा.

मी म्हटलं, "काकू, ती इंटरनेटची वायर हाय."

"कसली इंटरनेटची? दोरी हाय ती. जोडणारी पोरं उरलेले तुकडे टाकून जातेत की. तारेचा गंज लागतोय टॉवेलला, नायलॉनची लोंबतीय. ही लई चांगली. सगळी गल्ली हीच वापरतीय."

पोरगी मटकन खाली बसली आणि पोट धरून हसायला लागली. मीही सुटले. अर्ध्या पूर्व भागाचं धुणं आम्ही गिऱ्हाईक म्हणून धरलं होतं.

पुन्हा मोजणी सुरू. आता नियम एकच: वायर खिडकीतून घरात शिरली तरच कनेक्शन, गजाला गाठ मारली असेल तर दोरी. पांढऱ्या भराभर गळाल्या. काळ्याही गळाल्या, खोटं कशाला बोलू. एका काळीवर तर एव्हाना कुणाचे परकर आले होते. पण आमच्या थोड्या गेल्या आणि त्यांच्या ढीगभर. काकूंच्या घरात जाणारी आमची चालू वायर होती, तिच्यावरही आता ओळीनं रुमाल होते. "जड काय टाकू नका म्हणाला होता तुमचा माणूस," काकू म्हणाल्या. "म्हणून रुमालच टाकतीय."

हिशेब निघाला तीनांत एक, वर थोडंसं उरतंय.

मी पुन्हा फोन लावला. मालक वैतागले. "सकाळी पाचांत एक म्हणालीस. दुपारपर्यंत एवढी गिऱ्हाइकं कुठून आली?"

"आली नाहीत, साहेब. समोरच्या कंपनीची गेली. सकाळी मी टॉवेल वाळत घालायच्या दोऱ्या मोजल्या होत्या."

सगळं सांगेपर्यंत मला तीनदा थांबावं लागलं, कारण शेजारी पोरगी खिंकाळत होती. शेवटी साहेबही हसले. फोटो पाठव म्हणाले. मग म्हणाले, "बरं. ऑफिस राहू दे. तूही तिथंच राहा."

एवढंच म्हणाले. पण दहावी झाल्यापासून मास्तर, मामा, मैत्रिणी, जो तो मला एकच सांगत आला होता: सोलापुरात काय ठेवलंय, बाहेर पड. इथंच राहा असं मला आजवर कुणी म्हटलंच नव्हतं. हसता हसता डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

पोरगी घाबरली. "ताई, काय झालं? नाही म्हणाले का?"

"व्हय म्हणाले गं," मी म्हटलं.